गोनेरीच्या नावाचं मेण

"घाई करू नकोस, फिलोमेन. समुद्राला उत्तर द्यायला वेळ लागतो. सर्व संतांचा सण दोनदा येऊन जाऊ दे, मगच मेणाला हात लाव."

बार्ब मावशीचं हे बोलणं मला तिच्या आवाजासकट आठवतं. आमच्या पोरमेलाकच्या चर्चची झाडलोट तीच करायची, दिवे तीच लावायची, आणि ज्यांची प्रेतं समुद्र परत देत नाही त्यांचे क्रूसही तीच करायची. फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा सण झाला की उरलेलं मेण ती एका डब्यात राखून ठेवी. कुणी बुडाला आणि सापडला नाही, की त्या मेणाचा बोटाएवढा क्रूस वळायचा. तो त्याच्या घरी टेबलावर, घरातल्या बाईच्या पांढऱ्या टोपीत ठेवायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्याजवळ रात्र जागवायची, आणि सकाळी प्रेत न्यावं तसा तो चर्चमध्ये आणून वेदीच्या डावीकडच्या लाकडी पेटीत ठेवायचा. ज्याने त्या माणसाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं, त्यानेच क्रूस घरातून उचलायचा. पेटी रिकामी होते ती बिशप येतात तेव्हाच. दहा-बारा वर्षांनी ते येतात आणि साठलेले सगळे क्रूस कबरस्तानातल्या एकाच थडग्यात पुरले जातात. मग त्या माणसांची वाट बघायची नाही.

मावशीला जाऊन एकवीस वर्षं झाली. तिचं काम माझ्याकडे आलं. रोज पहाटे तोंडात काही घालण्याआधी मी चर्चमध्ये जाते, दिव्यात तेल घालते, गुडघ्यावर बसून जपमाळेची दहा-दहा मण्यांची पाच दशकं पुरी करते. ताप असला तरी चुकवलेलं नाही. मी चुकवला तो मावशीचा शब्द.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये 'फिदेल' नावाची होडी सहा माणसं घेऊन आयर्लंडच्या बाजूला मासेमारीला गेली. त्या सहांत गोनेरी होता. गोनेरी माझ्या मैत्रिणीचा मुलगा. मी त्याची धर्ममाता. एप्रिलमध्ये कसिनोखालच्या खडकांवर एक वल्हं आणि होडीचं नाव लिहिलेली अर्धी फळी लागली. बाकी काही नाही.

जूनमध्ये त्याची बायको मारीवॉन माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"मावशी, मी दाराला कडी लावत नाही," ती म्हणाली. "लावली तर तो आत कसा येईल? आणि नाही लावली तर वाऱ्याने दार वाजतं, मी उठते. तीन महिने असंच चाललंय."

"अजून सर्व संतांचा एकही सण गेला नाही, पोरी."

"संतांना काय, त्यांना वेळच वेळ आहे. मला रडायला एक जागा द्या. बोटाएवढी असली तरी चालेल."

मी डबा उघडला. मेण हातात मऊ होईपर्यंत मी देवमातेची क्षमा मागत होते, आणि तरी हात थांबत नव्हते. गोनेरीच्या घरी क्रूस बसला म्हटल्यावर उरलेल्या पाच घरांनीही मागितले. आठवड्यात सहा क्रूस पेटीत गेले. त्यांच्यावर नाव नसतं, खूण नसते. पेटीत आधीचे तीन होते, सगळे नऊ झाले. गोनेरीचा क्रूस मी स्वतःच्या हाताने नेला. तो इतका हलका होता की रस्त्यात दोनदा टोपी उघडून बघितलं, आहे ना म्हणून.

आणि पुढच्या मे महिन्यात, चौदा महिन्यांनी, दुपारी चारच्या गाडीने गोनेरी आला.

त्या गाडीने समुद्रस्नानाला येणारी हंगामातली पहिली मंडळी उतरत होती. टोप्यांचे डबे, छत्र्या, वेताच्या खुर्च्या, आणि त्यांच्या मधोमध दुसऱ्याचा कोट घातलेला गोनेरी. आयर्लंडजवळच्या एका बेटावरच्या कोळ्यांनी त्याला पाण्यातून काढलं होतं. डोकं फुटलेलं. तिथल्या नन्सनी वर्षभर सांभाळलं, पण त्याला स्वतःचं नावच आठवत नव्हतं. एक दिवस कुणीतरी खाऱ्या लोण्याचा पाव हातात दिला आणि त्याला मारीवॉनचं नाव आठवलं. स्वतःचं त्यानंतर.

गावाने घंटा वाजवल्या. मी जमिनीला डोकं टेकून आभार मानले. पेटीकडे माझी नजर गेली नाही. मी ती जाऊ दिली नाही.

हॉटेलवाला ल गालुदेक तेव्हा पाहुण्यांसाठी गावाचं पुस्तक लिहीत होता. आमच्या गावात दोन गावं आहेत: खाली धक्क्याजवळ दगडी घरांचं आमचं, आणि वर वाळूकडे हॉटेलांचं, रेघारेघांच्या तंबूंचं, गरम खाऱ्या पाण्याच्या स्नानगृहांचं. ल गालुदेकचा जन्म खालचा, पोट वरचं. त्याच्या पुस्तकात दगडाच्या होडीतून आलेला आमचा संत होता, राजाच्या परवानगीने जहाजं लुटणारे कप्तान होते, दीपगृह होतं, कसिनो होता. नवव्या पानावर त्याने गोनेरीला घातलं: स्वतःच्या अंत्यविधीनंतर परत आलेला माणूस.

चर्चच्या पडवीत बुडालेल्यांच्या नावांच्या काळ्या पाट्या आहेत. मी शिडी आणून गोनेरीची पाटी उतरवायला गेले तर ल गालुदेक खाली हजर.

"फिलोमेन, राहू दे ना ती पाटी. पॅरिसची माणसं दगडाच्या होडीसाठी येत नाहीत. असा माणूस फक्त आपल्याकडे आहे."

"तो काय दीपगृह आहे?"

"दीपगृहाला दोनशे पायऱ्या. बायका दमतात. हा आपला खालीच उभा असतो."

गोनेरी शेजारी उभा होता. हसला. "असू द्या हो मावशी. जिवंत होतो तेव्हा मला कुणी सफरचंदाची दारू पाजली नाही. मेल्यापासून रोज पाजतात."

पाटी राहिली. तो पूर्ण उन्हाळा गोनेरी आपल्या नावाखाली उभा राहून फोटो काढून घेत होता. छत्रीवाल्या बायका त्याच्या दंडाला बोट लावून बघत, आणि हात मागे घेताना बोटं रुमालाला पुसत. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पहिल्यांदा वाटलं ते गोनेरीच्या पिरात कुत्र्यामुळे. 'फिदेल' गेल्यापासून तो रोज ओहोटीला धक्क्याच्या टोकाशी जाऊन बसायचा. गोनेरी परत आला, तर कुत्र्याने त्याचा हात हुंगला, पाहुण्याला हलवावी तशी शेपूट हलवली, आणि पुन्हा धक्क्यावर जाऊन पाण्याकडे तोंड करून बसला. गोनेरी शेजारी जाऊन बसला, "अरे, मी इथे आहे," म्हणाला. कुत्र्याने मान वळवली नाही.

मग इतरांचं सुरू झालं. धुण्याच्या हौदावर बायका कपडे बडवत होत्या, गोनेरी पलीकडे जाळं दुरुस्त करत होता. सेझारीन म्हातारी म्हणाली, "कुट्टूची धिरडी कडेला करपलेली असली की गोनेरीला फार आवडायची."

"अजून आवडतात, सेझारीन," तो इकडून म्हणाला.

"हो ना," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "फार आवडायची बिचाऱ्याला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी जेवायला गेले. मारीवॉनने टेबलावर दोन ताटल्या मांडल्या, एक माझी, एक तिची. बांगडे वाढले. गोनेरी हात धुऊन आला, बसला, वाट बघत राहिला. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला. तिने धावत जाऊन तिसरी ताटली आणली.

"आज कितवी वेळ?" गोनेरीने हळूच विचारलं.

"मी मोजत नाही," ती म्हणाली.

"मी मोजतो."

मी दोघांना बोल लावू शकत नव्हते. त्याच संध्याकाळी मृतांसाठी मेणबत्त्या लावताना मी नावं घेत होते, आणि गोनेरीच्या नावाची लावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. विझवायला फुंकर घातली. ती एका फुंकरीत विझली नाही.

नोव्हेंबरमध्ये सर्व संतांचा सण आला. फादर केरमारेक बुडालेल्यांची नावं वाचतात, आणि प्रत्येक नावानंतर सगळं चर्च म्हणतं, 'प्रभू, त्याला विसावा दे.' गोनेरी दुसऱ्या बाकावर, मारीवॉनच्या शेजारी बसला होता. 'फिदेल'ची नावं आली. पाच झाली. सहावं फादरनी खोडलं होतं. ते क्षणभर थांबले आणि पुढच्या होडीकडे वळण्यासाठी त्यांनी कागद उलटला. त्या रिकाम्या क्षणात सगळं चर्च म्हणालं, 'प्रभू, त्याला विसावा दे.'

कुणी ठरवून म्हटलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी माझ्या ओठांवर हात ठेवला, कारण ते हलून गेले होते. दुसऱ्या बाकावर मारीवॉननेही तोंडावर हात ठेवला होता. गोनेरी समोर बघत बसला होता. त्याच्या कोटाच्या कॉलरवर पांढरी रेघ होती. मी ती धूळ समजले. बाहेर पडताना झटकायला गेले तर ते मीठ होतं.

त्यानंतर तो गरम झालाच नाही. चुलीजवळ बसला तरी कोट ओला. मारीवॉन रोज वाळत घालायची, रोज सकाळी खिळ्यावर तो पाण्याने जड. गोनेरी तर आल्यापासून होडीत पाय ठेवायलाही तयार नव्हता. पाहुण्यांनी त्याला पाजणं सोडलं, कारण तो समोर उभा आहे हेच त्यांच्या ध्यानात राहायचं नाही. ल गालुदेक त्याला दोनदा विचारून गेला, "आपण कुठले?" आणि दोन्ही वेळा कपाळावर हात मारून घेतला.

या जुलैत फादरनी जाहीर केलं: देवमातेच्या सणाला, पंधरा ऑगस्टला, बिशप येणार. समुद्राला आशीर्वाद देणार आणि पेटीतले क्रूस पुरणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जपमाळ संपवून उठले तर गोनेरी मागे उभा होता. दार वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"मावशी, त्या पेटीत मी आहे," तो म्हणाला. "मला बाहेर काढा."

"पेटीत मेण आहे, बाळ."

"मग मला मेणाइतकं तरी धरून ठेवा. काल मारीवॉनने माझे जोडे सेझारीनच्या जावयाला दिले. मी पायात घालायला शोधत होतो. ती रडली, पाया पडली माझ्या. तिला खरंच आठवलं नव्हतं." त्याने पेटीकडे बघितलं. "माझा क्रूस पुरला की ती पुन्हा रडणारही नाही. मी समोर बसलो असलो तरी. असं वाटतं मला. तुम्हाला नाही वाटत?"

मला वाटत होतं.

मी फादरकडे गेले आणि सगळं सांगितलं: घाई माझी होती, मेण माझ्या हातचं होतं. फादर केरमारेक धक्क्यावरच वाढलेले, त्यांचे दोन भाऊ पाटीवर आहेत. त्यांनी मला वेडी म्हटलं नाही. "मोजणीसाठी पेटी उघडावीच लागेल," ते म्हणाले. "बुधवारी उघडू. त्याला घेऊन या."

बुधवारी दुपारी आम्ही तिघं वेदीपाशी होतो. बाहेर वर हॉटेलाच्या गच्चीवर बँड वाजत होता. फादरनी कुलूप काढलं. नऊ क्रूस ओळीने पडले होते, पिवळे, सारखे. मला खात्री होती की माझे हात ओळखतील. मुलाला जसं अंधारात ओळखता येतं तसं. मी पहिला उचलला. गार होता, आणि ओला. दुसरा ओला. नऊच्या नऊ ओले होते, आणि पेटीचं लाकूड खालून कोरडं खडखडीत.

"गोनेरी, काही जाणवतं का?" मी विचारलं.

"परत ठेवा. पुढचा घ्या."

मी एकेक उचलत गेले. तीन वेळा त्याने मान हलवून नाही म्हटलं. ते आधीचे तीन असणार. उरलेल्या सहांतला प्रत्येक उचलला की त्याचा श्वास अडकायचा, खाली ठेवला की सुटायचा.

"यातला कोणता?"

"सहाही," तो म्हणाला. "सहाही माझेच वाटतात, मावशी."

फादरनी डोळे मिटले. मी सहाही क्रूस ओंजळीत घेतले. खरं सांगायचं तर, माझ्या मनात पाप आलं. सहाही वितळवले तर त्यातला एक तरी त्याचा नक्की वितळेल. जवळच दिवा जळत होता.

गोनेरीने माझ्या मनगटाला हात लावला. बर्फासारखा होता.

"नको. त्यात झोबिकचा आहे. त्याची आई पेटीला रोज हात लावून जाते, तुम्हीच सांगितलंत. पाण्यात मी फळीला धरून होतो तेव्हा तो माझ्या कोटाला धरून होता. मी त्याला म्हटलं होतं, सोडू नकोस. त्याने सोडलं, कारण फळी दोघांना पेलत नव्हती. ते त्याला दिसलं. मला दिसलं नसतं." त्याने कोटाची कड मुठीत धरली. "त्याला पुन्हा नको बुडवायला."

बँडचं वाजवून संपलं, वर टाळ्या पडल्या.

"मग पेटी मी उचलतो," गोनेरी म्हणाला. "पंधरा तारखेला. कबरस्तानापर्यंत."

"ते बुडालेल्यांच्या धर्मपित्यांचं काम आहे," फादर म्हणाले.

"ते म्हातारे आहेत, दोघे तर गेलेही. त्या होडीवरचा उरलेला मी एकटा. फादर, जो पेटी आत नेतो तो बाहेर येतो की नाही?"

"जो उचलतो तो जिवंत असतो," फादर म्हणाले. "माझ्या वाडवडिलांपासून तरी असंच आहे. क्रूस आत राहतात, नेणारा फाटकातून बाहेर येतो."

"आणि स्वतःचाच क्रूस नेणारा?"

"असा आजवर कुणी झाला नाही."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत हौदावर पोचली. सेझारीनने निकाल दिला: "आपला क्रूस आपण आत नेला की माणूस त्याच्याबरोबरच राहतो. बाहेर येईल तो कोट." मी तिला म्हटलं, "सेझारीन, तू हे कुठे ऐकलंस?" ती म्हणाली, "ऐकलं नाही गं. मला ते दिसतंच आहे." ल गालुदेकला मात्र आनंद झाला. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्याने कार्यक्रमाचं पान घातलं आणि कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या.

काल दुपारी गोनेरी माझ्या घरी आला. मी पाव कापला, लोणी लावलं, त्याच्यापुढे ठेवलं. मुद्दाम दोन ताटल्या आधी मांडून ठेवल्या होत्या, विसरायला नको म्हणून. त्याने खाल्लं नाही, पण ताटली जवळ ओढून घेतली.

"मावशी, आत गेल्यावर मला परत फिरायचं सुचणार नाही असं वाटतं," तो म्हणाला. "ते पाचजण तिथे असतील. त्यांच्यात मला बरं वाटेल. इथल्यापेक्षा बरं. हेच मला भ्यायला लावतं."

"मारीवॉन?"

"ती घरी वाट बघणार आहे. तिने कागदावर माझं नाव लिहून दाराला चिकटवलंय. वाचत राहते." तो किंचित हसला. "तुम्ही माझ्या मागे चाला. माझा कोट धरा. पेटी खाली ठेवली की ओढा. मी काहीही बोललो तरी ओढा, आणि फाटक माझ्या मागे लागल्याशिवाय सोडू नका."

"मी सत्तर वर्षांची आहे, गोनेरी."

"बाप्तिस्म्याला मी लाथा मारत होतो, आई सांगायची. तुम्ही सोडलं नव्हतं."

मी त्याला शब्द दिला. देवमातेसमोर नव्हे, स्वयंपाकघरात, पावाच्या सुरीवर हात ठेवून. तो उठून गेला तेव्हा खुर्चीत पाणी साचलेलं होतं. मी ते पुसलं नाही. पुसलं तर तो इथे बसला होता हे मला तरी आठवेल का, अशी भीती वाटली.

आज पंधरा ऑगस्ट. पहाटे जपमाळ संपवली. दिव्यात तेल घातलं, उद्याचंही घातलं. मिस्साची पहिली घंटा व्हायला अजून अवकाश आहे. समुद्राकडून धुकं आलंय, इतकं दाट की वरची हॉटेलं दिसत नाहीत, नुसतं खुर्च्या सरकवल्याचं ऐकू येतं. मी काळा पोशाख केला, पांढरी टोपी नीट बसवली. लाकडी जोडे ओल्या दगडावर निसटतात म्हणून कापडी घातले. जपमाळ रोज हातात असते. आज ती गळ्यात घालून आत सारली, दोन्ही हात मोकळे हवेत.

मनातल्या मनात त्याचं नाव घेऊन बघितलं. आठवलं.

दार ओढून घेतलं, आणि भिंतीला हात लावत उताराने गोनेरीच्या घराकडे निघाले.